अस्सल म्हणजे काय? : दोन बेंटले गाड्यांची कुळकथा

जुन्या मोटारगाडीचे मोल तिच्या पोलादात असते की तिच्या इतिहासात? १९९० साली हा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला. एड हबर्ड यांनी ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी आपली बेंटले स्पीड सिक्स गाडी मिडलब्रिज सिमिटर या कंपनीला एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला होता. गाडी अस्सल नाही, असे सांगून कंपनीने व्यवहारातून अंग काढून घेतले आणि हबर्ड न्यायालयात गेले.

ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती. दोन्ही वेळच्या चालकांत वूल्फ बार्नाटो होते. हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या वडिलोपार्जित संपत्तीवर बेंटले कंपनी सावरून धरणारे तिचे अध्यक्ष ते हेच. पण शर्यतीची गाडी म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. मोसमागून मोसम तिचे भाग बदलत गेले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत उतरली तेव्हा तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवलेले होते. त्या शर्यतीत ती धावपट्टीच्या उंच कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडले. त्यानंतर तिची पुनर्बांधणी बार्नाटोंसाठी रस्त्यावरची कूपे म्हणून झाली. पुढे कधीतरी तिच्यावर ल माँच्या धर्तीची बॉडी पुन्हा चढली.

मग हबर्ड विकत होते ती गाडी कोणती? १९२९ च्या गाडीचे किरकोळ जोडसामान वगळता जवळजवळ काहीच उरलेले नाही, हे न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केले. तिला ‘मूळ’ गाडी म्हणता येणार नाही, असेही ते म्हणाले. तरीही निकाल त्यांनी हबर्ड यांच्या बाजूने दिला. बदल हळूहळू होत गेले, कोणत्याही टप्प्यावर गाडीची ओळख तुटली नाही आणि त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून ती ‘अस्सल’ होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. विक्रीला होते ते केवळ धातू नव्हे, तर इतिहास आणि लौकिकही.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. ज्ञानेश्वरीचे आद्य हस्तलिखित आज उपलब्ध नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला. पण त्यामुळे ती निराळा ग्रंथ ठरली, असे आपण मानत नाही. परंपरा अखंड असली की कागद बदलला तरी ग्रंथ तोच राहतो.

याच बार्नाटोंची दुसरी बेंटले मात्र नेमका उलटा धडा देते. मार्च १९३० मध्ये कान येथून निघणाऱ्या ‘ब्लू ट्रेन’शी त्यांनी पैज लावली. गाडी कॅलेला पोहोचण्याआधी आपण लंडनच्या क्लबात असू, असे त्यांनी सांगितले आणि पैज जिंकली. पुढे अनेक दशके या पराक्रमाचे श्रेय गर्नी नटिंग यांनी बांधलेल्या एका देखण्या, बसक्या छताच्या कूपेला मिळत राहिले. चित्रकार टेरेन्स क्युनिओ यांनी आगगाडीशेजारी रंगवली तीही हीच. परंतु नोंदी तपासल्यावर असे दिसले, की ही कूपे तयार झाली ती शर्यतीनंतर, त्याच वर्षीच्या मे महिन्यात. त्या रात्री बार्नाटो यांनी चालवली ती एच. जे. मलिनर यांच्या बांधणीची साधी सलून.

पहिल्या गाडीचे पोलाद गेले, पण इतिहास खरा राहिला. दुसरीचे पोलाद खरे होते, इतिहास मात्र उसना होता. दोन्हींचा निवाडा केला तो चासी क्रमांकांनी, कारखान्यातील नोंदींनी आणि तारखांनी. लिलावगृहे वस्तूच्या मालकीची साखळी कडीकडीने तपासतात त्यामागे व्यापार आहे, यात शंका नाही. पण ती शिस्त इतिहासकाराचीच आहे. आख्यायिका कितीही सुंदर असली तरी तिला तारीख विचारावी लागते. क्युनिओंचे चित्र म्हणून कमी सुंदर होत नाही. ते पुरावा म्हणून तेवढे बाद होते. साहित्याच्या इतिहासातही आपण हा भेद नेहमी पाळतो काय?