सलाईन म्हणजे अन्न नव्हे!

पिंपरी, प्रतिनिधी - 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा,' ही विनंती पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या दवाखान्यांत नेहमीची आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिनबरोबरच शिरेवाटे द्यायची द्रावणेही बनवली. तरीही बाटलीत नेमके काय असते, याविषयी गैरसमज कायम आहेत. रुग्णाच्या नातेवाइकांच्या कानावर पडणाऱ्या काही शब्दांचा हा परिचय.

नॉर्मल सलाईन : लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. उष्मांक शून्य.

डेक्स्ट्रोज ५ टक्के : लिटरमागे ५० ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे १७० किलोकॅलरी. दिवसभराची गरज यावर भागत नाही.

टीपीएन : संपूर्ण पोषण शिरेवाटे. यात ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ, क्षार व जीवनसत्त्वे असतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. स्टॅन्ले ड्युड्रिक व सहकाऱ्यांनी ही पद्धत यशस्वी करून दाखवली. आतडे काम करीत असेल, तर नाकातून जठरात घातलेल्या राइल्स ट्यूबने अन्न देणेच श्रेयस्कर ठरते.

सेंट्रल लाइन : टीपीएनचे दाट द्रावण हाताच्या लहान शिरेला सोसत नाही. म्हणून लांब नळीचे टोक हृदयाजवळील महाशिरेत ठेवतात. ही नळी दंडातून घातली, तर तिला 'पिक लाइन' म्हणतात.

ल्युमेन आणि हब : ल्युमेन म्हणजे नळीतील पोकळ मार्ग, हब म्हणजे त्याचे बाहेरील तोंड. प्रत्येक वापरापूर्वी हब स्पिरिटने घासून पुसणे आवश्यक असते.

फ्लशिंग : नळी तुंबू नये म्हणून औषधाच्या आधी व नंतर सलाईन सोडून ती धुणे.

फ्लेबायटिस : शिरेचा दाह. सुईची जागा लाल, गरम व दुखरी होते.

लाइन सेप्सिस : नळीवाटे रक्तात शिरलेला जंतुसंसर्ग. तो जिवावर बेतू शकतो.

रिफीडिंग सिंड्रोम : दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर पोषण दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम घसरते. म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात.

नातेवाइकांनी एवढे करावे : हात धुतल्याशिवाय नळीला स्पर्श करू नये. पट्टी ओली वा सैल झाल्यास परिचारिकेला सांगावे. द्रावण सुरू होताच थंडी वाजून ताप आला, तर 'सलाईनची थंडी' म्हणून गप्प बसू नये. डॉक्टरांना तत्काळ कळवावे.