फियाटचं हेड आणि लेथवरचा हात
जुन्या गाडीचं इंजिन कमी पैशांत जोरकस करण्याची मुंबईची कला परमिट राजच्या टंचाईतून जन्मली, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. परदेशी सुटे भाग मिळणं मुश्किल होतं, पण ती टंचाई देशभर होती; परळ-लालबागच्या गिरण्यांच्या वर्कशॉपांत घडले तसे टर्नर-फिटर मात्र मोजक्याच शहरांत होते. कुर्ल्यात तेव्हा बनणारी फियाट, १९७४ पासूनची पद्मिनी, घ्या. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, क्षमता १०८९ सीसी. बोअर एक मिलिमीटरने वाढवला तरी जेमतेम ३२ सीसी हाती लागतात. खरी ताकद सिलिंडर हेडमध्ये: फेसिंग करून, म्हणजे हेडचा पृष्ठभाग थोडा छाटून, कॉम्प्रेशन वाढवायचं, पोर्ट घासून गुळगुळीत करायचे. यात खर्च मुख्यतः मजुरीचा, भागांचा नव्हे.

अशी जोरकस केलेली फियाट मी स्पोर्ट्स कारच मानतो; चार दारांची घरगुती गाडी ही स्पोर्ट्स कार कशी, हा आक्षेप मला पटत नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट शर्यतीत उतरतच होत्या. आणि या कामाला जुगाड म्हणणं अन्यायाचं आहे, कारण त्यात माप काटेकोर लागे. हेडचं फेसिंग जरा जास्त झालं, की त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिन नॉकिंग करू लागे, आणि तसंच दामटलं तर पिस्टनलाच भोक पडे.