अजिंठ्यासाठी कॅमेरा : कॉम्पॅक्ट की मिररलेस?

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत उजेड मंद असतो आणि फ्लॅशला बंदी आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी टिपायचा, तर कॅमेऱ्यात प्रकाश किती शिरतो यावरच सारे अवलंबून. एपीएस-सी मिररलेसचा सेन्सर (साधारण २३.५ × १५.६ मिमी) ‘एक इंची’ कॉम्पॅक्टच्या तिप्पट असतो, हा ‘एक इंच’ नावापुरताच, प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी. पण मिररलेससोबतच्या किट लेन्सचे ॲपर्चर बहुधा एफ/३.५ पर्यंतच उघडते. एफ/१.८ लेन्स असलेल्या कॉम्पॅक्टमध्ये सेन्सरच्या तेवढ्याच भागावर जवळपास चौपट प्रकाश पडतो. तिप्पट सेन्सरचा फायदा तिथेच संपला! एफ/१.८ ची वेगळी लेन्स घेणार असाल, तरच मिररलेसचे ओझे वागवावे. कॉम्पॅक्ट घेतल्यास झूम टाळावा; झूम करताच त्याचेही ॲपर्चर आक्रसते.