घोड्याबरोबर धावणारं कुत्रं: निवड किती, शिकवण किती?

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की विषय आणि संशोधनाचा प्रश्न यात नेमका फरक काय? व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. विषय असा: घोडेस्वारांच्या सोबतीला छोटी कुत्री कशी निवडली आणि तयार केली गेली. ऐकायला गमतीचा वाटतो. पण यात दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आनुवंशिकी आहे आणि 'पुरावा कशाला म्हणायचं' हा आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेला प्रश्नही आहे.

आधी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंड. कोल्ह्याची शिकार म्हणजे पुढे शिकारी कुत्र्यांचा कळप, मागे घोडेस्वार आणि मैलोन् मैल पाठलाग. कोल्हा दमला की बिळात घुसायचा. हाउंड जातीची मोठी कुत्री बिळात मावत नाहीत. मग तिथे लागायचा टेरियर. त्याचं काम कोल्ह्याला मारणं नव्हे, तर भुंकून, सतावून बाहेर काढणं. कोल्हा आतच मेला तर घोडेस्वारांचा खेळ तिथेच संपला!

आता या कुत्र्याकडून काय काय हवं होतं ते बघा. घोड्यांच्या बरोबरीने धावायचं तर पाय लांब हवेत. बिळात शिरायचं तर छाती अरुंद हवी. आत गेल्यावर आक्रमक हवा, पण जीव घेण्याइतका नको. आणि मातीने माखून बाहेर आला तरी हाउंड कुत्र्यांनी त्यालाच कोल्हा समजून फाडू नये, म्हणून रंग शक्यतो पांढरा हवा. यातल्या काही अपेक्षा एकमेकींच्या विरोधात आहेत. जीवशास्त्रवाल्यांना ही तडजोड ओळखीची वाटेल: एक गुण वाढवला की दुसऱ्याची किंमत मोजावी लागते. यावर दोन उत्तरं निघाली. एक, लांब पायांचा टेरियर, जो स्वतः धावतो. दुसरं, आखूड पायांचा टेरियर, जो खोगिराला लावलेल्या पिशवीतून नेला जातो. छाती मोजायची पद्धत तर आजही वापरात आहे: खांद्यांच्या मागे दोन्ही हातांच्या पंजांत छाती मावली पाहिजे. फूटपट्टी नाही, तरी हेही मोजमापच.

पहिल्या उत्तराशी जोडलेलं नाव म्हणजे रेव्हरंड जॉन रसेल (१७९५–१८८३), डेव्हन परगण्यातल्या स्विमब्रिजचे पाद्री आणि शिकारीचे कमालीचे शौकीन. गोष्ट अशी सांगतात: ऑक्सफर्डला शिकत असताना, मे महिन्यातल्या एका दुपारी, मार्स्टनच्या वाटेवर त्यांना एक दूधवाला भेटला. त्याच्याबरोबर ट्रम्प नावाची पांढरी टेरियर मादी होती. डोळ्यांवर आणि कानांवर तपकिरी डाग, शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा ठिपका, उंची साधारण कोल्हिणीएवढी. रसेलनी ती तिथल्या तिथे विकत घेतली आणि तिच्यापासून पुढचा वंश सुरू झाला. हे साल बहुतेक ठिकाणी १८१९ दिलेलं असतं.

इथे थांबा. ही गोष्ट आपल्याला कळली कुठून? तर रसेल यांचे मित्र ई. डब्ल्यू. एल. डेव्हिस यांनी लिहिलेल्या चरित्रातून, जे १८७८ साली छापलं गेलं. म्हणजे घटना आणि छापील नोंद यांत जवळजवळ साठ वर्षांचं अंतर. रसेल तेव्हा हयात होते, त्यामुळे माहिती त्यांच्याकडूनच आली असणार, हे मान्य. पण ती आठवण आहे. त्या दिवशी वहीत टिपलेली नोंद नाही. शिवाय लिहिणारा मित्र आहे, चाहता आहे. याचा अर्थ गोष्ट खोटी असा मुळीच नाही. अर्थ एवढाच, की ही गोष्ट '१८१९ साली काय घडलं' याच्यापेक्षा '१८७८ साली रसेल आणि त्यांचे मित्र आदर्श टेरियर कशाला म्हणत होते' याचा जास्त भक्कम पुरावा आहे.

आता गोष्टीतली खरी गंमत बघा. रसेलनी ट्रम्पला काम करताना पाहिलंच नव्हतं. ना बिळात, ना घोड्याबरोबर. निवड केली ती निव्वळ रूप बघून. आणि हेच रसेल पुढे प्रसिद्ध झाले ते 'काम बघून कुत्रं निवडणारा माणूस' म्हणून! १८७३ साली इंग्लंडमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, रसेल त्याच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी होते, फॉक्स टेरियरचे परीक्षक म्हणूनही बसले. पण स्वतःची कुत्री त्यांनी प्रदर्शनात उतरवली नाहीत. प्रदर्शनातला टेरियर देखणा होत चालला होता, कामाचा उरत नव्हता, अशी त्यांची तक्रार होती. मग निवडीचा निकष कोणता, रूप की काम? तुम्हाला इथे विषयातून प्रश्न निघताना दिसतोय का?

शिकवणीकडे वळू. स्वाराबरोबर जाणाऱ्या टेरियरचं शिक्षण मैदानात नाही, तबेल्यात सुरू होतं. पिल्लाला घोड्याचा वास, आवाज, टापांची सवय लहानपणीच लावायची. टापांच्या आवाक्यापासून अंतर ठेवून चालायला शिकवायचं, कारण इथे चुकीला माफी नसते. मेंढ्या आणि कोंबड्या दिसल्या तरी मागे लागायचं नाही. हाक मारली की परत यायचं. आणि यातलं बरंचसं पिल्लू शिकतं ते मोठ्या, मुरलेल्या कुत्र्याच्या मागे मागे फिरून.

मग टेरियर घोड्याबरोबर नीट धावतो तो जन्मजात गुणाने, की आईच्या मागे फिरून शिकल्यामुळे? हा प्रश्न थेट तपासायचा प्रयत्न अमेरिकेत झाला, पण दुसऱ्या जातीवर. बग्गीबरोबर धावणारी डाल्मेशियन कुत्री टेरियरपेक्षा मोठी असतात, पण काम त्याच जातकुळीचं. क्लाइड कीलर आणि हॅरी ट्रिंबल यांनी १९४० साली 'जर्नल ऑफ हेरेडिटी'मध्ये एक शोधनिबंध लिहिला. बग्गीखाली धावताना कुत्रं घोड्याच्या मागच्या टापांच्या किती जवळ राहणं पसंत करतं, हा त्यांनी मोजलेला गुण. जितकं जवळ तितकं उत्तम. निष्कर्ष असा, की जवळ धावणाऱ्या नर-मादीच्या पिल्लांमध्ये जवळ धावण्याचा कल जास्त दिसतो. म्हणजे या पसंतीत आनुवंशिकतेचा वाटा असावा.

वाचताना मान डोलावण्याआधी स्वतःला विचारा: पिल्लांना शिकवलं कोणी? जर पिल्लू मुरलेल्या कुत्र्याबरोबर धावून शिकत असेल, आणि ते मुरलेलं कुत्रं त्याची आईच असेल, तर जनुकं आणि शिकवण एकाच वाटेने येतात. दोन्ही सुटं करायचं तर पिल्लांची अदलाबदल हवी: जवळ धावणाऱ्या मादीची पिल्लं लांब धावणाऱ्या मादीकडे वाढवायची, आणि उलट. पद्धतीच्या पेपरात आपण 'गोंधळ घालणारा चल' अशी जी कोरडी ओळ पाठ करतो, ती प्रत्यक्षात अशी दिसते.

पायांची कथा मात्र जास्त स्वच्छ आहे. २००९ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं, की डॅशहुंड, कॉर्गी, बॅसेट अशा आखूड पायांच्या जातींमागे एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत आहे. धावणं शिकवता येतं, पायाची लांबी शिकवता येत नाही. म्हणून 'निवड की शिकवण' असा सरसकट प्रश्न चुकीचा ठरतो. प्रत्येक गुणासाठी तो वेगळा विचारावा लागतो.

आणखी एक खबरदारी. रसेल वारले १८८३ साली. 'पार्सन जॅक रसेल' या नावाने केनेल क्लबने जातीला मान्यता दिली १९९० साली. मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली. दरम्यान इतर टेरियरचं रक्त मिसळलं, आखूड पायांच्या कुत्र्यांनाही तेच नाव चिकटलं. म्हणून 'आजचा जॅक रसेल हा ट्रम्पचा थेट वंशज' असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील. नाव टिकलं म्हणजे वंश टिकला असं होत नाही.

तेव्हा तुमचा विषय काहीही असो, गव्हाचं वाण असो की एखादी लोकपरंपरा, तीन गोष्टी कागदावर मांडून बघा. नोंद घटनेनंतर किती वर्षांनी झाली? मोजलेल्या गुणाला दुसरं कोणतं कारण असू शकतं? आणि आज वापरात असलेलं नाव तेव्हाच्याच गोष्टीचं आहे का? ही तीन उत्तरं लिहिताना जिथे पेन अडखळेल, तिथे तुमचा संशोधनाचा प्रश्न आहे. तो एका वाक्यात लिहून मगच गाइडकडे जा.