वस्तीचा संडास, वस्तीचा कारभार

दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं राहतात, तेव्हा निम्मा संसार घराबाहेर चालतो: नळकोंडाळ्यावर, बोळात, ओट्यावर आणि सार्वजनिक संडासात. या सामायिक जागांपैकी संडासाचे हाल सर्वांत वाईट. महापालिका संडास बांधायची, ठेकेदार बिल उचलायचा आणि थोड्याच दिवसांत दारं निखळून मैला तुंबायचा. खापर मात्र रहिवाशांवर फुटायचं: या लोकांना वापरायची शिस्तच नाही. पुण्यात १९९९ ते २००१ या काळात जे घडलं, त्याने हा समज खोडून काढला. जागा, आराखडा आणि रोजची देखभाल या तिन्हींत रहिवाशांचा शब्द चालला, तिथे त्याच वस्तीतली तीच माणसं संडास नीट वापरू लागली. खोट लोकांच्या सवयींत नव्हती, ती कारभाराच्या घडीत होती.

हे अचानक घडलं नाही. १९७०च्या दशकात जोकिन अर्पुथम यांच्या पुढाकाराने झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला, १९८४मध्ये मुंबईत ‘स्पार्क’ ही संस्था निघाली आणि पाठोपाठ भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांतून ‘महिला मिलन’ आकाराला आलं. वस्तीची मोजणी स्वतः करायची, बचतीचे पैसे स्वतः सांभाळायचे आणि तो हिशेब घेऊन अधिकाऱ्यापुढे बसायचं, ही त्यांची रीत. १९९९मध्ये पुण्याचे आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी संडास बांधण्याचं आणि चालवण्याचं काम स्वयंसेवी संस्थांकडे देण्याचं ठरवलं, तेव्हा ही रीत कामी आली. त्या वेळी पुण्याची सुमारे ४० टक्के लोकसंख्या ५००हून अधिक झोपडपट्ट्यांत राहत होती. भांडवली खर्च, पाणी आणि वीज महापालिकेची; बांधकाम आणि देखभाल संस्थांची. दर आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर कामाचा आढावा व्हायचा. दोन-अडीच वर्षांत ४००हून अधिक संडास उभे राहिले, आधीच्या तीस वर्षांत झाले होते त्याहून जास्त. काही ठिकाणी वस्तीतल्या बायकांनीच बांधकामाचे ठेके घेतले.

सहभाग नेमका कुठे उतरला, ते आराखड्यात दिसतं. रांगेत मोठी माणसं पोरांना मागे ढकलतात आणि मोठ्या भोकाची लहान मुलांना भीती वाटते, म्हणून ती शेवटी गटाराकडेला बसतात. हे कार्यालयात बसलेल्या अभियंत्याला सुचत नाही. रोज पोराला घेऊन जाणाऱ्या आईला ते वेगळं सुचावं लागत नाही. म्हणून नव्या संडासांत मुलांसाठी वेगळा भाग आला: लहान भांडी, तोल जाऊ नये म्हणून धरायला कडी. बायकांचं प्रवेशद्वार वेगळं झालं, पाण्याच्या टाक्या मोठ्या झाल्या आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला तिथेच खोली मिळाली. एका कुटुंबाचा पास महिन्याला साधारण २० रुपये होता. दर खेपेला एक रुपया मोजायचा तर पाच जणांच्या घराला महिन्याला दीडशे रुपये पडले असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बंगल्यातल्या माणसाला ड्रेनेजसाठी समिती काढावी लागत नाही, मग गरिबानेच वर्गणी आणि मेहनत का द्यावी? लोकसहभागाच्या नावाखाली महापालिका अंग काढून घेणार असेल, तर तो सहभाग नव्हे, नुसती वेठ. म्हणूनच पुण्यातली वाटणी महत्त्वाची: पैसा, पाणी, वीज ही पालिकेची जबाबदारी कायम राहिली, लोकांकडे निर्णय आणि देखरेख आली. दुसरा आक्षेप असा की समिती म्हणजे गल्लीतला दादा, आणि संडास त्याची जहागीर. हा धोका खराच आहे. पण ठेकेदारीतही जहागिरी असते. तिथे वस्तीला हिशेब विचारण्याची सोयसुद्धा नसते. उपाय समिती मोडण्यात नाही, जमाखर्च दर महिन्याला उघड्यावर मांडण्यात आहे. या मोहिमेचं खरं कच्चं अंग वेगळंच: तिच्यामागे एका आयुक्ताची धडाडी होती, आणि आयुक्त बदलतात.

सामायिक संडास हे अंतिम उत्तर नाही, असंही म्हणता येईल. बरोबर आहे, घरात संडास हवाच. पण पुढे येरवड्यात जुन्या जागीच घरं नव्याने बांधायची वेळ आली, तेव्हाही महिला मिलनच्या बायका आराखड्याच्या चर्चेत होत्या, आणि त्या घरांत संडास आले. संडासाच्या कामातून वस्तीतल्या बायकांना नकाशा वाचायची, सिमेंटचा हिशेब धरायची आणि अधिकाऱ्याला अडवून प्रश्न विचारायची सवय लागली होती. सामायिक जागा सुधारताना ही सवय तयार होते की नाही, यावरच सहभाग खरा की देखावा, हे ठरवायला हवं. उद्घाटनाच्या फलकावर किती नावं आहेत, त्याने ते ठरत नाही.