तळ्याच्या गाळातले शिसे

दिवाळी उलटली, थंडी पडू लागली की आपल्या वऱ्हाडात पाहुणे येतात. अमरावतीजवळचा मालखेडचा तलाव, अकोल्याजवळची कापशी, महानचे काटेपूर्णा धरण, मोर्शीकडचे अप्पर वर्धा, कुठेही पहाटे जाऊन बघा. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, शेंडी बदक पाण्यावर तरंगताना दिसतील. आज आपण दुर्बीण घेऊन जातो. आपल्या पणजोबांच्या काळात हौशी माणूस तळ्याकाठी जायचा तो बंदूक घेऊन. ती बंदूक आता गेली, पण तिच्यातून सुटलेला छर्रा तळ्यातच राहिला. आजची गोष्ट त्या छर्ऱ्याची आहे.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अचलपूरला फौजेची छावणी होतीच. 1867 पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचली. साहेबाबरोबर शिकारीचा शौक आला आणि जमीनदार, मालगुजार, वकील मंडळींनीही तो उचलला. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याची चौकट घट्ट केली. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळे तो बहुधा ठासणीच्या बंदुकीचा. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी आणि गजाने ठासायचे. एक बार उडाला की पुन्हा सारा खटाटोप पहिल्यापासून.

काडतुसाची बंदूक आली आणि हा खटाटोप घरात, दिव्याखाली येऊन बसला. तयार काडतूस महाग, म्हणून उडवलेली पितळी नळी लोक जपून ठेवत. जुनी टोपी काढून नवी बसवायची, मापाने दारू घालायची, तिच्यावर नमद्याची चकती, मग छर्रे आणि शेवटी तोंड बंद करणारी कागदी चकती. एकच नळी अशी अनेकदा भरली जाई.

या सगळ्याचा पाया होता शिसे. 'बारा बोअर' हा शब्द आपण ऐकलेला असतो. त्याचा अर्थ असा, की त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या 12 गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. 20 बोअरच्या 20 गोळ्या, म्हणून ती नळी अरुंद. बंदुकीचे मापच शिशाने ठरवलेले! छर्रा गोल करण्याची युक्ती इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सची. 1782 मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून सोडायचे. पडता पडता थेंब गोल होतात आणि खालच्या पाण्यात थिजतात.

आता हिशेब पाहा. 6 नंबरचे छर्रे एका औंसात सुमारे 270 बसतात. त्यातले पाच-सात पाखराला लागले तरी पुष्कळ. उरलेले तळ्यात. बदकाला दात नसतात. ते बारीक खडे गिळते आणि पोटातल्या पेषणीत त्यांच्यावर दाणे दळते. खडा समजून छर्रा गिळला, की दाण्याबरोबर शिसेही दळले जाते आणि रक्तात उतरते. पंख लुळे पडतात, पक्षी झिजत जातो. जो बार चुकला, तोही असा पुढे कधीतरी लागतो. जॉर्ज बर्ड ग्रिनेल या अमेरिकन निसर्ग-अभ्यासकाने 1894 मध्येच याबद्दल लिहिले होते. 1959 मध्ये फ्रँक बेलरोज यांनी अंदाज मांडला, की उत्तर अमेरिकेतली दोन ते तीन टक्के पाणपाखरे दरवर्षी या विषाने मरतात.

तरीही अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी यायला 1991 साल उजाडले. शिकारी कुरकुरले, आणि त्यांची अडचण अगदीच खोटी नव्हती. पोलाद शिशापेक्षा हलके. तेवढ्याच जोरासाठी छर्रा मोठा घ्यावा लागतो आणि तो नळीत जागा खातो. 12 बोअरमध्ये निभावते. 20 बोअर किंवा चारशे दहासारख्या लहान काडतुसात जागाच नसते. शिवाय पोलाद कठीण, जुन्या नळीला ओरखडे पाडणारे. म्हणून बिस्मथ आणि टंगस्टनचे छर्रे आले; वजनदार, पण महाग. घरी काडतुसे भरणाऱ्यांना सारी मापे नव्याने शिकावी लागली. फळ मात्र मिळाले. 1997 च्या एका हंगामात सुमारे 14 लाख बदके शिशाच्या विषापासून वाचली, असा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला. युरोपीय संघाने पाणथळ जागांसाठी अशी बंदी फेब्रुवारी 2023 पासून लागू केली.

आपली वाट वेगळी होती. 1912 च्या कायद्यात विणीच्या काळात शिकारबंदीची तरतूद होती, पण हंगामात रान मोकळेच. 12 नोव्हेंबर 1938 रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी लहान शिकारीचे परवाने कायद्यात शिल्लक होते. 1991 च्या दुरुस्तीने तेही गेले. योगायोग पाहा, एकाच वर्षी अमेरिकेने छर्रा बदलला आणि आपण बंदूकच खाली ठेवली.

या निर्णयाचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याची किंमत कोणी मोजली? परवाना गेल्याने वकीलसाहेबांची चूल विझली नाही. अकोला-अमरावतीच्या माळांवरचा फासेपारधी मात्र तित्तर-लाव्यांवर जगत होता. 1871 च्या कायद्याच्या धोरणाने त्याच्यासारख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला आणि पुढच्या कायद्यांनी त्याचा पिढीजात धंदाच गुन्हा ठरवला. त्याच्या फासाने शिशाचा एक कणही पाण्यात टाकलेला नव्हता. पाखरे वाचवताना त्या माणसाला दुसरी भाकरी देण्याचे काम आपण अर्धेच सोडले.

आणि शिसे? ते कुजत नाही. गाळात पडलेला छर्रा दशकानुदशके तसाच राहतो. शिवाय आजही ते पाण्यात पडते आहे. मासेमारीच्या फेकजाळ्याच्या कडेला शिशाचे मणी असतात. ते तुटतात, गळतात. ब्रिटनमध्ये गळाला लावायच्या शिशाच्या लहान वजनांनी राजहंस मरू लागले, तेव्हा 1987 मध्ये त्यांच्यावर बंदी आली. आपल्याकडे भोई बांधवांना दोष देऊन भागणार नाही. पारध्याच्या बाबतीत केलेली चूक पुन्हा नको. भाजलेल्या मातीचे किंवा लोखंडाचे मणी त्यांना परवडतील अशा दरात मिळाले पाहिजेत, आणि ते काम मत्स्यव्यवसाय खात्याचे व आपले सर्वांचे आहे.

येत्या हिवाळ्यात तळ्यावर जाल, तेव्हा पाण्यात डोके खुपसून गाळ चाळणारे बदक जरा थांबून पाहा. त्याच्या चोचीत दाणा आला की शिसे, हे त्याला कळत नाही. ते कळण्याची जबाबदारी काठावरच्या माणसाची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)