शिवराईची वेलांटी

आमच्या देवघरात टाकांच्या शेजारी एक शिवराई असे. दर दिवाळीत पूजेच्या उपकरणांबरोबर तीही चिंचेने घासली जाई. आजीच्या हयातीतच तिच्यावरची अक्षरे पुसली गेली होती. त्या तांबूस, गुळगुळीत चकतीला आम्ही शिवराई म्हणत असू, ते केवळ आजी म्हणे म्हणून.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. शिवछत्रपतींच्या नावाने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. शिवराईच्या एका बाजूस 'श्री', 'राजा', 'शिव' अशा तीन ओळी, दुसरीकडे 'छत्र' आणि 'पति', भोवती ठिपक्यांचे कडे. होन आज अत्यंत दुर्मीळ. शिवराई मात्र पुढे पेशवाईतही निरनिराळ्या टांकसाळींतून पडत राहिली आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत राहिली. मजकूर तोच, पण 'शिव' कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, तर कुठे चक्क 'सिव'! 'पति'चीही तीच गत. शुद्धलेखनाचे नियम शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला याची गंमत वाटते. नाणकशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ही गंमत परवडत नाही. बहुतेक शिवरायांवर साल नाही, टांकसाळीचे नावही नाही. तेव्हा कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायचे ते वेलांटीवरून, अक्षराच्या वळणावरून, ठिपक्यांवरून आणि वजनावरून. त्यातच चकती बहुधा साच्याहून लहान, त्यामुळे अर्धी अक्षरे मुळातच नाण्याबाहेर गेलेली. जे उरले आहे, त्यावरच सारी भिस्त.

घासण्याने जाते ते नेमके हेच. गंजाखाली मूळचे लखलखीत नाणे दडलेले असते, अशी आपली समजूत असते. जमिनीत दोन-तीनशे वर्षे राहिलेल्या तांब्याच्या बाबतीत ती सहसा खोटी ठरते. धातूच्या वरच्या थराचेच आधी तांबडे ऑक्साइड आणि मग हिरवे कार्बोनेट बनलेले असते. नाण्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजेच अक्षरांची कड, त्या थरांतच टिकून राहते. चिंचेतले वा लिंबातले आम्ल हे थर विरघळवते. खाली उघडा पडतो तो खड्ड्याखड्ड्यांचा लालसर धातू, ज्यावर बहुधा कोणतीच टांकसाळ उमटलेली नसते. पितळेची आणखी दुर्दशा होते: आम्लाने आधी जस्त निघून जाते आणि पिवळे नाणे गुलाबी पडते.

आपल्याकडे चिंचेच्या जोडीला मीठही घेतात. घागर घासायला ते ठीक आहे. नाण्याच्या छिद्रांत मात्र मिठातले क्लोराइड जाऊन बसते आणि पावसाळी हवेतला ओलावा मिळाला की धातू आतून पोखरू लागतो. असे नाणे वर्षभराने डबीतून काढावे, तर त्यावर फिकट हिरवी भुकटी धरलेली असते. पुसली तरी ती पुन्हा येते. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवट थर आणि ही भुकटी यांतला फरक ओळखता आला पाहिजे. पहिला नाण्याचा रक्षक, दुसरी त्याचा रोग. भुकटी दिसताच ते नाणे इतरांपासून वेगळे करावे, सिलिका जेलसह कोरडे ठेवावे आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवावे. रसायनांचे काम त्याचे आहे, आपले नव्हे.

आपण करण्यासारखे थोडेच आहे. आधी वजन करावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, नाणे कुठून आले ते लिहून ठेवावे. मग ते ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि सुटलेली माती तेवढी भिंगाखाली बांबूच्या काडीने हलकेच काढावी. यात आठवडे जातात. तार, ब्रासो, पितांबरी यांना या कामात स्थान नाही.

हे शहाणपण मला उशिरा आले. विद्यार्थिदशेत आठवडी बाजारातून मी दोन शिवराया घेतल्या होत्या. एक त्याच रात्री चिंच-मिठात टाकली; सकाळी 'राजा'चा काना तेवढा उरला होता. दुसरी कंटाळ्याने तशीच राहिली. गेल्या वर्षी तिला पाण्यात ठेवली. 'श्री' दिसली, 'राजा' दिसला, 'शि' की 'शी' तेवढे अजून मातीखाली आहे. काडी तिथपर्यंत आली आणि माती थोडी घट्ट लागली, तेव्हा मी थांबलो. नाणे पुन्हा पाण्यात ठेवले आहे.